सहावी रांग

"सातवा!" क्लेटनने फोन टेबलावर पालथा ठेवला, जसं काही आत चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं. "बारा कॉलेजांच्या गटातल्या प्रशिक्षकांत आपला केसलर सातवा. आणि हे लिहिणारे काही ऐरेगैरे नाहीत."

"ऐरेगैरेच आहेत," वेंडेल म्हणाला. "त्यांच्यातल्या एकानं तरी कधी टॅमरॅकमध्ये पाय ठेवलाय का?"

"पाय कशाला ठेवायला पाहिजे? निकाल दिसतात की. निम्मे सामने हरलाय तुझा केसलर."

"कुणाला घेऊन हरलाय ते बघ ना! मोठ्या कॉलेजांनी चांगली पोरं उचलून नेली की उरलेली याच्या पदरात पडतात. आचाऱ्याला नावं ठेवायच्या आधी त्याला वाणसामान काय दिलंय ते बघावं माणसानं."

"आचारी म्हणे! शनिवारी शेवटच्या मिनिटाला टाइमआउट घ्यायला विसरला तुझा आचारी."

"विसरला नाही. राखून ठेवला होता."

"कशाला? मुरवायला?"

ट्रूडी कॉफी ओतता ओतता हसली. हॉटेल तिचं, त्यामुळे कुणाच्याही बाजूने हसायची तिला मुभा होती. टेबलाला चार खुर्च्या. एक क्लेटनची, एक वेंडेलची, एक माझी आणि चौथी ट्रूडीला पाय दुखल्यावर टेकायला. क्लेटनने जन्मभर विमा विकला, मी टपाल वाटलं आणि वेंडेल रुशने शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या. आम्ही तिघंही निवृत्त झालो तरी सकाळी सातला उठायची खोड गेली नव्हती. मग सातला उठून करायचं काय, तर ट्रूडीकडे बसून टॅमरॅक कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची चिंता करायची. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. इंडियानात बास्केटबॉलबद्दल मत नसलेला माणूस सापडतो, पण तो बहुधा बाहेरून आलेला असतो.

वेंडेल एरवी फारसा बोलत नसे. शाळेतून कुणी बसचं काय झालं म्हणून विचारलं तर "झाली" एवढं एकच उत्तर द्यायचा. पण केसलर सरांचा विषय निघाला की हाच माणूस चमचा, मीठदाणी, काय हाताला येईल ते घेऊन टेबलावर मैदान मांडायचा. त्याचा सिद्धांत साधा होता. केसलर हा गटातल्या पहिल्या तिघांतला प्रशिक्षक आहे, फक्त त्याच्या हॉलमध्ये आवाज नाही. आवाज नाही कारण विद्यार्थी येत नाहीत. विद्यार्थी येत नाहीत कारण कॉलेजने त्यांना पार वर, छताखाली बसवलंय, आणि खालच्या रांगा आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना वर्षाच्या पासावर विकल्यात.

"म्हातारे टाळ्या वाजवतात तेव्हा हातमोजे घालून वाजवल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा. "पाहुणा फ्री थ्रो मारायला उभा राहतो आणि समोर काय दिसतं त्याला? क्लेटन पॉपकॉर्न खाताना. कशाला चुकेल त्याचा नेम? तिथं बास्केटच्या मागे दोनशे पोरं उड्या मारताना बसवा, मग बघा केसलर कितवा येतो ते."

"पोरं खाली बसवली तरी यायची नाहीत," ट्रूडी म्हणाली. "माझी नात कॉलेजच्याच वसतिगृहात राहते. हॉल खिडकीतून दिसतो तिला. मॅच बघते ती अंथरुणात लोळत, फोनवर. तेही दुसरं काहीतरी बघता बघता."

"जवळची जागा दे, येईल."

"अंथरुणापेक्षा जवळची?"

हे सगळं बोलणारा वेंडेल स्वतः खालीच बसायचा हे क्लेटन त्याला दर आठवड्याला ऐकवी. त्याची आणि त्याच्या बायकोची, आर्डिसची, जागा सहाव्या रांगेत होती, आमच्या संघाच्या बाकामागेच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून त्याच दोन खुर्च्या. क्लेटनने टोमणा मारला की वेंडेल म्हणायचा, "आम्ही बास्केटच्या मागे नाही, बाजूला आहोत. पोरांना बास्केटच्या मागे बसवायचं." याच एका समजुतीवर पुढचं सगळं घडलं.

मे महिन्यात कॉलेजने पासधारकांची सभा बोलावली. क्रीडाविभागाच्या नव्या प्रमुख लॅनहॅम बाई, चाळिशीच्या आतल्या, हसऱ्या, बोलायला लागल्या की वाटायचं आपल्याला काहीतरी बक्षीस लागलंय. विद्यार्थ्यांना खाली आणायचा कॉलेजचा विचार आहे, त्यासाठी काही पासधारकांना वर जावं लागेल, आपलं मत काय, असं त्यांनी विचारलं. सभेत कुरकुर सुरू झाली. क्लेटन उठून म्हणाला की त्याचा पास त्याच्या वडिलांचा आहे आणि तो आता वर गेला तर एकदम स्वर्गातच जाईल. लोक हसले.

तेव्हा वेंडेल उठला. चारचौघांत त्याला उभं राहून बोलताना मी प्रथमच पाहिलं. हातात टोपी होती आणि ती तो फिरवत होता. पण बोलला फार चांगला. म्हणाला, आपण सगळे केसलरला नावं ठेवतो, पण त्याला आपण काय देतो? आपण मॅच संपायच्या आत पार्किंगमधली गर्दी चुकवायला उठतो. हॉल हे पोरांचं घर आहे, आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने कुठे बसायचं ते घरच्यांनी सांगायचं असतं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. क्लेटननेसुद्धा, हातमोजे घातल्यासारखी.

"रुशकाका, तुम्ही माझं कामच केलंत," लॅनहॅम बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला.

नकाशात विद्यार्थ्यांच्या जागांना दिलेला हिरवा रंग बास्केटच्या मागे नव्हता. तो बाजूला होता, आमच्या संघाच्या बाकामागे, पहिल्या रांगेपासून दहाव्या रांगेपर्यंत. बाईंनी समजावून सांगितलं की टीव्हीचा कॅमेरा समोरच्या बाजूला असतो, त्यात सतत दिसते ती हीच बाजू. तिथे तरुण चेहरे दिसले पाहिजेत. बास्केटच्या मागचं कॅमेऱ्यात नीट येत नाही.

वेंडेल अजून उभाच होता. तो खाली बसला. आर्डिस त्याच्या शेजारी ताठ बसलेली, पडद्याकडे बघत हसत होती. तिला पडद्यावरचं काहीही दिसत नव्हतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"काय झालं हो?" तिने त्याला विचारलेलं मी ऐकलं. "टाळ्या का थांबल्या?"

मला वाटलं, तिचं लक्ष नसेल.

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला आणि दोघं वर आली, नेमकी माझ्या पुढच्या रांगेत. मी पहिल्यापासून वरचाच. टपालखात्यातल्या माणसाला खालचा पास परवडत नसे आणि पुढे परवडला तेव्हा सवय झाली होती. वेंडेलने मागे वळून मला नमस्कार केला, "इथून सगळं मैदान एकदम दिसतं, छान आहे," असं म्हणाला आणि आर्डिसच्या खुर्चीवर तिची हिरवी उशी ठेवली.

आमच्याकडे रिवाज आहे. सामना सुरू झाला की बगळ्यांचं पहिलं बास्केट होईपर्यंत अख्खा हॉल उभा राहतो. त्या दिवशी बगळ्यांना बास्केट काही सापडेना. वरच्या रांगांत गुडघ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. "केसलर, एक तरी मारायला लाव रे, बसायचंय!" माझ्या मागून कुणीतरी ओरडलं. शेवटी एक चेंडू गेला आणि हॉलने हुश्श केलं.

आर्डिस उभीच राहिली.

"झालं, बस," वेंडेल हळूच म्हणाला.

"झालं? कधी? कुणी मारलं?"

"दहा नंबरनं."

"कुठून?"

"त्या... इकडून. खालून."

"मला काही ऐकूच आलं नाही रे," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे दोन-तीन सामन्यांत बाकीचं कळलं, कारण माणसं समोर बघून बोलत असली की मागच्याला सगळं ऐकू येतं. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करडा डाग आला होता, तीन वर्षं झाली होती. कडेचं थोडं दिसे, समोरचं जाई. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिने वेंडेलला शपथ घातली होती की गावात बोलायचं नाही. "एकदा कळलं ना, की लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागतील," ती म्हणायची, "जशी काही मी बहिरी झालेय."

बहिरी ती मुळीच नव्हती. सहाव्या रांगेत ती तीन वर्षं कानांनी मॅच बघत होती. लाकडावर बुटांची करकर, चेंडू कडीला लागला की येणारा तो टणत्कार, जाळीतून गेला की होणारी सळसळ. आणि सगळ्यात जास्त म्हणजे केसलर. केसलर आपल्या डावांना शहरांची नावं द्यायचा आणि बाकासमोर उभा राहून ती ओरडायचा. टोलीडो म्हणजे आत घुसायचं. ओमाहा म्हणजे चेंडू डाव्या कोपऱ्यात, तिथून लांबचा फटका. केसलर "ओमाहा" ओरडला की आर्डिस वेंडेलला कोपर मारायची आणि त्याच्या आधी डावीकडे मान वळवायची. त्या खुर्चीत ती आंधळी नव्हती. वेंडेलने भर सभेत उभं राहून तीच खुर्ची देऊन टाकली होती, आणि शपथेमुळे परत मागता येत नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं. क्लेटनला सांगावं असं एकदा ओठांवर आलं होतं. पण मी इतकी वर्षं लोकांची पत्रं वाटली ती बंदच.

वर मात्र सगळे आवाज एकमेकांत मिसळून येतात. डाळ-तांदळाची खिचडी झाल्यावर डाळ वेगळी काढायला सांगावी तसं ते होतं. वेंडेलने तिला कानात लावायचा छोटा रेडिओ आणून दिला. पण रेडिओवरचं वर्णन प्रत्यक्षापेक्षा थोडं मागून येतं. हॉल आधी ओरडायचा आणि काय झालं ते तिला नंतर कळायचं. दोनदा वापरून तिने तो पर्समध्ये टाकला. "शिळं आहे," म्हणाली.

"मग तू सांग ना," तिने वेंडेलला म्हटलं.

पण वेंडेलला सांगता येईना. त्याला केसलरबद्दल बोलता यायचं, डावपेच सांगता यायचे, मीठदाणीने मांडून दाखवता यायचे. समोर चाललेलं, चाललेलं असताना सांगायचं म्हणजे जीभ अडखळायची. "आता... तो गेला... नाही, दुसरा... चुकला." आर्डिस ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळाने विचारणंच सोडून द्यायची. डिसेंबरात ती विणकाम घेऊन यायला लागली.

ट्रूडीच्या टेबलावर क्लेटनला मात्र ऊत आला होता. "काय रे, तुझी पोरं कुठायत? परवा टीव्हीवर बघितलं मी. पाच रांगा भरलेल्या, मागे नुसत्या खुर्च्या."

"पाच तर पाच," वेंडेल म्हणाला. "आधी पाच तरी होत्या का?"

"पुढची क्रमवारी आली बघ. केसलर आठवा."

"पोरांना सवय लागायला वेळ लागतो."

पण त्याच्या बोलण्यात पूर्वीचा जोर नव्हता, आणि त्याचं कारण मला जानेवारीत कळलं. नाताळची सुट्टी संपली नव्हती, बाहेर बर्फ साचलं होतं, आणि विद्यार्थ्यांच्या रांगांत जेमतेम पुढच्या पाच भरल्या होत्या. कॅमेऱ्यात मोकळ्या खुर्च्या दिसत होत्या, म्हणून हिरवा कोट घातलेली दरवाजावरची एक मुलगी वर आली आणि आम्हाला खाली यायची खूण करायला लागली. "या ना, कुणीही या, खाली जागा आहे."

वेंडेल तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठला. विणकाम पर्समध्ये कोंबलं, उशी काखेत मारली आणि आर्डिसचा हात धरून पायऱ्या उतरायला लागला. सहाव्या रांगेत त्यांच्याच खुर्च्या मोकळ्या होत्या. मी वरून बघत होतो. दोघं बसली आणि लगेच दिसेनाशी झाली. कारण विद्यार्थी आमच्यासारखे पहिल्या बास्केटनंतर बसत नाहीत, ते पूर्ण सामना उभे असतात. पुढे पाच रांगांच्या उंच हिरव्या पाठी. मग तीही दोघं उभी राहिली. वेंडेल बुटका माणूस. टाचा उंचावून, मान इकडून तिकडून काढून त्याने बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

थोड्या वेळाने आर्डिसने त्याच्या कानाला तोंड लावलं. ती काहीतरी बोलली आणि डावीकडे मान वळवली. पुढच्या क्षणी डाव्या कोपऱ्यातून चेंडू गेला. मग सबंध सामनाभर ती त्याला सांगत राहिली आणि तो समोरच्या पाठींकडे बघत मान हलवत राहिला. तिला इतकं हसताना मी त्या मोसमात प्रथमच बघितलं.

त्यानंतर वेंडेल हवामानाचा अंदाज ऐकायला लागला. बर्फ पडणार असलं की त्याला बरं वाटे. परीक्षा कधी, सुट्ट्या कधी, हे त्याने ट्रूडीच्या नातीकडून माहीत करून घेतलं. पोरांनी हॉल भरावा म्हणून सभेत उभा राहिलेला माणूस आता पोरं येऊ नयेत म्हणून आकाशाकडे बघत होता. टेबलावर अजूनही तो "पोरं यायलाच पाहिजेत" असंच म्हणायचा. शब्द सोडवत नव्हता. पण म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळायचा. मला ठाऊक आहे हे बहुधा त्याला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत बगळ्यांना अचानक पंख फुटले. ओळीने सामने जिंकत गेले. मग गटात पहिला असलेला संघ आमच्याकडे यायचा होता तो शनिवार आला. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांनी हॉलबाहेर थंडीत तंबू ठोकले. ट्रूडीची नातसुद्धा अंथरूण घेऊन त्यातल्या एकात जाऊन झोपली. क्लेटनने टेबलावर दोन्ही हात वर केले.

"शरण आलो, वेंडेल. तुझं खरं निघालं. आज तुझा दिवस आहे, लेका."

"हो," वेंडेल म्हणाला आणि खिडकीबाहेर बघितलं. ऊन पडलं होतं.

त्या शनिवारी दहाच्या दहा रांगा हिरव्या होत्या, जिन्यातसुद्धा पोरं होती. सहाव्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्यांवर दोन धिप्पाड मुलं चढून उभी होती. आवाज असा, की माझ्या हातातल्या कागदी पेल्यात सोडा थरथरत होता. पाहुण्यांनी फ्री थ्रो चुकवले, एकामागून एक, अगदी वेंडेल सांगायचा तसे. आणि त्या आवाजात केसलरची हाक त्याच्याच पोरांना ऐकू जाईना, म्हणून तो हातांनी खुणा करत होता. एकदा डोक्यावर हात, एकदा कोपर, एकदा बोटं. कुठली खूण म्हणजे कुठलं शहर, ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

आर्डिसने विणकाम आणलं नव्हतं. मोठा सामना म्हणून हिरवा स्वेटर घालून आली होती. हात मांडीवर घट्ट धरून ती त्या गोंगाटात बसली होती आणि तिची मान कुठेच वळत नव्हती. मोठ्या स्टेशनवर चुकामूक झालेल्या बाईसारखा तिचा चेहरा झाला होता.

"केसलर काय ओरडला?" तिने वेंडेलच्या बाहीला ओढत विचारलं. तिला ओरडावं लागलं म्हणून मला ऐकू आलं.

वेंडेलने खाली बघितलं. केसलर कोपराला हात लावत होता.

"ओमाहा!" तो म्हणाला.

तिची मान झटकन डावीकडे वळली. चेहरा उजळला. आणि चेंडू उजवीकडून गेला. हॉल फुटला. सगळे उभे, ती बसलेली, मान डावीकडेच.

"डाव्या कोपऱ्यातून?" ती म्हणाली.

"हो. डाव्या कोपऱ्यातून."

तिने टाळ्यांकडे कान दिला. मग मान सरळ केली.

"वेंडेल, टाळ्या उजवीकडनं आधी आल्या."

त्याने टोपी पुढे ओढली.

"उजवीकडून मारलं ना?"

"हो."

"मग तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. झालंय ते सांग."

वेंडेलने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तोंड तिच्या कानाला लावलं. आधी अडखळला. मग काय झालं कोण जाणे, बोलायला लागला. कुणाकडे चेंडू आहे, किती लांबून टाकला, कोण घसरला, कुणाचे हात वर आहेत. शब्द काही खास नव्हते, "आता चार नंबर, चार नंबरनं दहाला दिला, दहा थांबला, परत चारला," एवढंच. पण थांबत नव्हता. केसलर बरोबर की चूक हे एकदाही म्हणाला नाही. पोरांबद्दल काही बोलला नाही. तिची मान हळूहळू हलायला लागली, आधी उशिरा, मग थोडी कमी उशिरा. माझं निम्मं लक्ष मैदानावर नव्हतंच. बगळे जिंकले तेव्हा खाली पोरांनी मैदानात उड्या टाकल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले, आणि वेंडेल अजून सांगतच होता की कोण कुणाच्या खांद्यावर बसलंय.

सोमवारी सकाळी ट्रूडीने टेबलावर त्याच्यासाठी ॲपल पायचा मोठा तुकडा आणून ठेवला, पैसे नकोत म्हणाली. क्लेटनने फोन सरळ ठेवला, पडदा वर करून.

"तिसरा!" तो म्हणाला. "नवी क्रमवारी. केसलर तिसरा. बोल आता. कान उघडे ठेवून बसलोय आम्ही. काय बोलायचं ते बोल, एकदाही मधे बोलणार नाही."

ट्रूडी चौथ्या खुर्चीवर टेकली. सगळे वेंडेलकडे बघायला लागले. त्याने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. घशाकडे बोट दाखवून त्याने मान हलवली.

"बघा, बघा!" क्लेटन मांडीवर थाप मारून म्हणाला. "वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी बसला घसा. किती ओरडावं माणसानं!"

वेंडेल हसला. माझ्याकडे बघितलं. मी मीठदाणी त्याच्यापुढून उचलून बाजूला ठेवली आणि त्याच्या कॉफीत मध घालायला ट्रूडीला सांगितलं.